स्कॉटलंडला निघालात? आधी ओळखीच्या शब्दांची झडती घ्या

ग्लासगोतल्या कोपऱ्यावरच्या दुकानात नुसते ‘ज्यूस’ म्हणालात, तर फसफसणाऱ्या बाटल्यांच्या कपाटाकडे बोट दाखवले जाईल. तिथे ज्यूस म्हणजे कुठलेही शीतपेय. जुनी ग्लासगोकर माणसे त्यालाच ‘जिंजर’ म्हणतात, मग त्यात आले असो वा नसो. संत्र्याचा रस हवा असेल तर ‘फ्रेश ऑरेंज’ म्हणायचे. पाणी घालून प्यायचे सरबत, ज्याला इंग्लंडमध्ये आणि आपल्याकडेही स्क्वॉश म्हणतात, ते इथे ‘डायल्यूटिंग ज्यूस’.

न कळलेला शब्द फारसे नुकसान करत नाही, कारण माणूस थांबून विचारतो. फसवतो तो कळला असे वाटलेला शब्द. महाराष्ट्रातून जाणाऱ्याच्या इंग्रजीत असे शब्द भरपूर असतात, कारण ते इंग्रजी तीन ठिकाणांहून गोळा झालेले असते. लिफ्ट, पेट्रोल, फुलस्टॉप हे शाळेतले ब्रिटिश. फ्राइज, अपार्टमेंट, व्हेकेशन हे सिनेमातून आणि आयटी कंपन्यांमधून आलेले अमेरिकन. झेरॉक्स, ब्रिंजल, प्रीपोन हे आपले घरचे. स्कॉटलंडमध्ये त्यावर चौथा थर चढतो, आणि तो कधी इंग्लंडच्या बाजूने बोलतो, कधी अमेरिकेच्या, तर कधी चक्क आपल्या.

गंमत म्हणजे ‘अमेरिकनिझम’ हा शब्द १७८१ मध्ये एका स्कॉटिश माणसानेच घडवला. जॉन विदरस्पून हे एडिनबरापासून जवळच्या गिफर्ड गावचे. पुढे प्रिन्स्टनच्या कॉलेजचे प्रमुख झाले आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही आहे. स्कॉटिश लोकांच्या खास शब्दांना ‘स्कॉटिसिझम’ म्हणून नावे ठेवली जात. त्याच साच्यातून त्यांनी हा नवा शब्द काढला.

१. निघण्यापूर्वीची तयारी

ही तयारी एका संध्याकाळी उरकते. पुढील गोष्टी जवळ ठेवा:

- फोन आणि लॅपटॉपची भाषा ‘इंग्लिश, युनायटेड किंगडम’ अशी करून घ्या. अमेरिकन मांडणी राहिली तर ०४/०७ ही तारीख चार जुलै की सात एप्रिल हा घोळ भाड्याच्या करारापर्यंत जातो.
- ए४ आकाराच्या पानावर बसवलेला ‘सीव्ही’. ‘रेझ्युमे’ हा अमेरिकन शब्द. अमेरिकन नमुन्याचे पान २१६ × २७९ मिलिमीटरचे असते आणि ए४ हे २१० × २९७ चे, त्यामुळे छापताना कडा कापल्या जातात.
- रोजच्या औषधांची यादी. तिच्यात ब्रँडऐवजी घटकाचे नाव आणि मात्रा लिहा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी.
- बुटाचे आणि कपड्यांचे माप. आपल्याकडचे बुटांचे आकडे बहुतेक ब्रिटिशच असतात. अमेरिकन आकडा पुरुषांसाठी साधारण एकाने जास्त येतो. स्त्रियांच्या कपड्यांत ब्रिटिश १२ म्हणजे साधारण अमेरिकन ८.
- छोटा डिजिटल वजनकाटा. ब्रिटिश पाककृती ग्रॅममध्ये असतात, अमेरिकन सुमारे २४० मिलिलिटरच्या कपात.
- ‘डिक्शनरी ऑफ द स्कॉट्स लँग्वेज’ या मोफत ऑनलाइन कोशाची खूण. २०११ च्या जनगणनेत सुमारे १५ लाख लोकांनी आपल्याला स्कॉट्स ही तिथली भाषा बोलता येते असे नोंदवले आहे. म्हणजे तिथले सगळे बोलणे ‘वेगळ्या उच्चाराचे इंग्रजी’ समजून चालणार नाही.

आणि एक सवय आत्ताच मोडा. आपण मराठीत सगळ्या ब्रिटनला ‘इंग्लंड’ म्हणून मोकळे होतो. एडिनबरात बसून ‘इथे इंग्लंडमध्ये’ असे म्हणू नका. माणसांना ‘स्कॉटिश’ किंवा ‘स्कॉट्स’ म्हणायचे. ‘स्कॉच’ हा शब्द व्हिस्की, पाय, सूप अशा खाण्यापिण्याच्या गोष्टींसाठी ठेवा.

२. घर शोधताना

जाहिरातीत ‘टेनेमेंट फ्लॅट’ दिसले तर दचकू नका. अमेरिकेत टेनेमेंट म्हणताच दाटीवाटीची, पडीक वस्ती डोळ्यांसमोर येते. स्कॉटलंडमध्ये ती दगडी बांधणीची, तीन-चार मजली, सामाईक जिन्याची इमारत; उंच छताची आणि महागडीही असू शकते. ग्लासगोत या सामाईक वाटेला आणि जिन्याला ‘क्लोस’ म्हणतात. शेवटचा उच्चार स, दरवाजा बंद करण्यातला झ नाही. एडिनबरात त्याच जिन्याला ‘स्टेअर’ म्हणतात आणि ‘क्लोस’ म्हणजे जुन्या शहरातला अरुंद बोळ. क्लोस झाडण्या-पुसण्याची पाळी प्रत्येक घराकडे येऊ शकते, तेव्हा चाळीत राहिलेल्यांना ही व्यवस्था नवी वाटणार नाही.

पत्ता लिहिताना चूक करू नका. ग्लासगोत २/१ म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे पहिले घर. तो अपूर्णांक नाही आणि तारीखही नाही. ०/१ म्हणजे तळमजला. एडिनबरात हेच २एफ१ असे लिहिलेले दिसते. मजल्यांची मोजणी आपल्यासारखीच: खाली ग्राउंड फ्लोअर, वर फर्स्ट. अमेरिकेत जमिनीलगतचाच मजला फर्स्ट असतो, त्यामुळे तिकडून आलेला मित्र सामान एक मजला खाली उतरवून ठेवेल.

‘फॅक्टर’ हा गणितातला शब्द इथे इमारतीची सामाईक देखभाल पाहणाऱ्या कंपनीसाठी वापरतात. ‘टू लेट’ भाड्यासाठी. ‘हायर’ गाडी किंवा हॉल भाड्याने घेण्यासाठी. ‘प्रेस’ म्हणजे भिंतीतले कपाट. ‘कॉट’ म्हणजे फक्त बाळाचा पलंग, अमेरिकेत त्याला ‘क्रिब’ म्हणतात. मोठ्या माणसासाठी कॉट मागितलीत तर घरमालक बाळ कधी येणार हे विचारेल. तुम्हाला ‘सिंगल बेड’ हवा असतो. ‘वॉशिंग अप’ म्हणजे भांडी घासणे. अमेरिकन माणूस ‘वॉश अप’ म्हणाला तर तो हात-तोंड धुवायला निघालेला असतो.

‘स्कीम’ या शब्दाला तीन रंग आहेत. अमेरिकेत त्यात कटकारस्थानाचा वास येतो. ब्रिटनमध्ये ती आपल्यासारखीच साधी योजना. स्कॉटलंडमध्ये शिवाय सरकारी घरांची वसाहत म्हणजेही ‘स्कीम’. तिथे राहणाऱ्याला ‘स्कीमी’ म्हणणे ही हेटाळणी आहे. ऐकले तरी उचलू नका.

पैशांबाबत शब्दांपेक्षा नियम पक्का ठेवा. खासगी भाडेकरूकडून डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकेच घेता येते, आणि घरमालकाने ते भाडेकरार सुरू झाल्यापासून कामाच्या ३० दिवसांत मान्यताप्राप्त ‘डिपॉझिट स्कीम’मध्ये जमा करायचे असते. भाडे आणि परत मिळणारे डिपॉझिट यांपलीकडे ‘अ‍ॅडमिन फी’, ‘की मनी’ अशा नावाखाली काहीही मागितले तर ते बेकायदा आहे. पूर्णवेळ विद्यार्थीच राहत असलेल्या घराला ‘काउन्सिल टॅक्स’, म्हणजे तिथली घरपट्टी, माफ असतो, पण ते काउन्सिलला, म्हणजे नगरपालिकेला, आपणहून कळवावे लागते.

करारात ‘आउटविथ’ हा शब्द भेटेल. ती छपाईची चूक नाही. अर्थ ‘च्या बाहेर’: ‘आउटविथ ऑफिस अवर्स’ म्हणजे कचेरीच्या वेळेबाहेर. इंग्लंडमध्ये हा सहसा ऐकू येत नाही. स्कॉटलंडमध्ये विद्यापीठापासून नगरपालिकेपर्यंत सगळे तो सर्रास लिहितात.

३. किराणा आणि भाजी

‘मेसेजेस’ आणायला जातो असे शेजारी म्हणाले तर ते फोन तपासत नाहीत, वाणसामान आणायला निघालेत.

भाज्यांच्या बाबतीत आपण वापरत असलेले अर्धे शब्द तिथल्या पाटीवर नसतात. वांगे म्हणजे ‘ओबर्जीन’, अमेरिकेत ‘एगप्लांट’. ब्रिंजल फक्त भारतीय दुकानात चालेल. ढोबळी मिरची नुसती ‘पेपर’, अमेरिकेत ‘बेल पेपर’. ‘कॅप्सिकम’ म्हटल्यावर विक्रेता विचारात पडतो. भेंडीला दोन्हीकडे ‘ओक्रा’. ‘लेडीज फिंगर्स’ विचारलेत तर अमेरिकेत लांबट स्पंज बिस्किटे पुढे येतील. पातीचा कांदा ‘स्प्रिंग अनियन’, अमेरिकेत ‘स्कॅलियन’. कोथिंबीर ‘कोरिअँडर’, अमेरिकेत ‘सिलँट्रो’. अमेरिकन पाककृतीत ‘कोरिअँडर’ आले तर तिथे सहसा धने घालायचे असतात; मूठभर कोथिंबीर घालून पदार्थाची चव बदलेल.

‘नीप्स’ आणि ‘टॅटीज’ ही जोडी स्कॉटिश जेवणात हमखास असते. टॅटीज म्हणजे बटाटे. नीप म्हणजे आतून पिवळसर-केशरी असा मोठा कंद. इंग्लंडमध्ये त्याला ‘स्वीड’ म्हणतात, अमेरिकेत ‘रूटबेगा’, आणि स्कॉटलंडमध्ये खुशाल ‘टर्निप’. इंग्लंडचा टर्निप हा लहान पांढरा कंद निराळाच. चार नावे, दोन कंद.

पिठांकडे जरा जास्त लक्ष द्या, कारण इथली चूक शिजल्यावरच कळते. मैदा म्हणजे ‘प्लेन फ्लोअर’, अमेरिकेत ‘ऑल पर्पज’. ‘सेल्फ रेझिंग’ घेऊ नका: त्यात बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते, शंकरपाळे तळताना फुगून भुसभुशीत होतील. ‘स्ट्राँग फ्लोअर’ पावासाठी. बेसन ‘ग्रॅम फ्लोअर’ नावाने मिळते, रवा ‘सेमोलिना’ नावाने. गव्हाच्या सगळ्या कोंड्यासकटचे पीठ ‘होलमील’, अमेरिकेत ‘होल व्हीट’. पोळ्यांसाठी मात्र ते भरड पडते, ‘चपाती फ्लोअर’ किंवा ‘आटा’ लिहिलेली पिशवी घ्या. कॉर्नफ्लोअर आपल्याकडे असते तेच पांढरे, घट्टपणा आणणारे. अमेरिकेत त्याला ‘कॉर्नस्टार्च’ म्हणतात आणि ‘कॉर्नफ्लोअर’ म्हणजे मक्याचे पिवळसर पीठ. खाण्याचा सोडा ‘बायकार्बोनेट ऑफ सोडा’. दही मागताना ‘कर्ड’ म्हणू नका, ‘नॅचरल योगर्ट’ म्हणा. ‘लेमन कर्ड’ ही पावाला लावायची गोड चटणी आहे.

ओव्हनचे तापमान: १८० अंश सेल्सिअस म्हणजे ३५० फॅरनहाइट, म्हणजे जुन्या गॅसच्या ओव्हनवर ‘गॅस मार्क ४’. ब्रिटिश ‘ग्रिल’मध्ये आच वरून येते, अमेरिकन पाककृतीतला ‘ब्रॉइल’ तो हाच. पाइंट दोन आहेत: ब्रिटिश ५६८ मिलिलिटर, अमेरिकन ४७३. दुधाच्या मापाने खीर करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

मिठाईच्या कपाटात ‘टॅबलेट’ दिसेल. औषध नाही, संगणकही नाही. साखर, लोणी आणि आटवलेले गोड दूध यांची रवाळ वडी, आपल्या बर्फीची दूरची बहीण. गोडी जबरदस्त असते. पहिल्यांदा लहान तुकडा घ्या.

४. बाहेर खाताना, विशेषतः शाकाहारी असाल तर

‘हॉटेलात जेवायला जाऊ’ हे मराठीत निरागस वाक्य आहे. तिकडे हॉटेल म्हणजे मुख्यतः मुक्कामाची जागा, आणि नव्या ओळखीच्या व्यक्तीला ते आमंत्रण दिल्यास भलताच अर्थ निघेल. ‘रेस्टॉरंट’ किंवा ‘कॅफे’ म्हणा.

आपले वेफर्स म्हणजे ब्रिटनमध्ये ‘क्रिस्प्स’, अमेरिकेत ‘चिप्स’. ब्रिटनमधले ‘चिप्स’ म्हणजे जाड कापलेले तळलेले बटाटे. तळणाच्या दुकानाला ‘चिपी’ म्हणतात आणि तिथली खास गोष्ट ‘सपर’. सपर म्हणजे रात्रीचे जेवण नव्हे. एखादा तळलेला पदार्थ अधिक चिप्स. ‘फिश सपर’मध्ये मासा आणि चिप्स, तर ‘सिंगल फिश’ म्हणजे नुसता मासा. एडिनबरात विचारतील ‘सॉल्ट अँड सॉस?’, तो सॉस पातळ, तपकिरी, आंबट असतो. ग्लासगोत ‘सॉल्ट अँड व्हिनेगर’. केवळ चिप्स घेणाऱ्या शाकाहारी माणसाने दोन प्रश्न विचारावेत: तळण कशात आहे, आणि त्याच कढईत मासे तळता का? काही दुकाने गोमांसाच्या चरबीत तळतात. तिचे नाव ‘बीफ ड्रिपिंग’. पाटीवर ते अभिमानाने लिहिलेले असते, पण आपल्याला शब्द माहीत नसल्याने डोळ्यांखालून निसटते.

‘मिन्स’ म्हणजे खिमा, आणि प्राण्याचे नाव लिहिलेले नसेल तर सहसा गोमांसाचा. ‘मिन्स पाय’ मात्र नाताळातली सुक्या मेव्याची गोड पुरी. तिच्या सारणाचे नाव ‘मिन्समीट’ असले तरी त्यात मांस नसते, पण पारंपरिक कृतीत प्राण्याची चरबी असते. ‘व्हेजिटेरियन’ ही खूण पाहूनच घ्या. ‘स्कॉच पाय’ मांसाचा. बेकरीत ‘मॅकरोनी पाय’ मिळतो, तो चीजचा.

‘पुडिंग’ म्हणजे जेवणानंतरचा कुठलाही गोड पदार्थ. ‘ब्लॅक पुडिंग’ त्यात बसत नाही: ते डुकराच्या रक्ताचे आणि ओट्सचे सॉसेज आहे, नाश्त्याच्या ताटात असते. ‘हॅगिस’ म्हणजे मेंढीचे काळीज, हृदय, फुफ्फुसे, ओट्स, कांदा आणि चरबी. शाकाहारी हॅगिस सर्रास मिळते आणि चांगले असते, नुसते टाळून बसू नका. ‘जेली’ ब्रिटनमध्ये थरथरणारा गोड पदार्थ, बहुतेकदा प्राणिज जिलेटिनचा. अमेरिकेत ती पावाला लावतात. ‘लेमोनेड’ म्हणजे बिनरंगाचे फसफसते पेय, आपले लिंबूसरबत नव्हे. ‘सायडर’ ब्रिटनमध्ये दारूच असते. अमेरिकेत त्याच नावाने सफरचंदाचा साधा रस मिळतो. तिथून आलेला तान्ह्या पोराला सायडर पाजायला निघाला तर थांबवा.

‘पीस’ म्हणजे सँडविच. ‘पीस बॉक्स’ म्हणजे डबा. आणि ‘टी’ला बोलावले तर वेळ विचारा: साडेपाच-सहाचे आमंत्रण असेल तर ते संध्याकाळच्या जेवणाचे आहे, घरून जेवून जाऊ नका.

५. वेळ ठरवताना

‘हाफ सेव्हन’ म्हणजे सरळ साडेसात. मधला ‘पास्ट’ गिळलेला असतो. जर्मनीत राहून आलेल्यांनी जपावे, तिकडच्या भाषेत तशीच रचना साडेसहासाठी आहे. अमेरिकन माणूस ‘सेव्हन थर्टी’ म्हणेल. त्याचे ‘क्वार्टर ऑफ सेव्हन’ म्हणजे पावणेसात.

‘द बॅक ऑफ सेव्हन’ हे स्कॉटिश. सात वाजून गेल्यावर थोड्याच वेळात, असा अर्थ. सातच्या आधी जाऊन दारात उभे राहू नका. ‘ट्यूजडे वीक’ म्हणजे येत्या मंगळवारच्या पुढचा मंगळवार. ‘द मॉर्न’ म्हणजे उद्या. ‘द नाउ’ म्हणजे आत्ता. ‘फोर्टनाइट’ अमेरिकनांना अडखळवतो, आपल्याला नाही: तो सरळ पंधरवडा, फक्त मोजून १४ दिवसांचा. पगार किंवा भाडे ‘फोर्टनाइटली’ असेल तर वर्षाचे २६ हप्ते होतात, २४ नव्हेत.

‘प्रीपोन’ला तिथे ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणा. ‘पुट बॅक’ म्हणजे पुढे ढकलणे. शब्दात ‘मागे’ आहे म्हणून बैठक अलीकडे आली असे समजू नका. या एका शब्दावरून माणसे चुकीच्या दिवशी येऊन बसतात.

६. डॉक्टरकडे

पोहोचल्यावर घराजवळच्या ‘जीपी’कडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा, आजारी पडायची वाट पाहू नका. त्या दवाखान्याला ‘सर्जरी’ म्हणतात. ‘उद्या सर्जरीत या’ यात शस्त्रक्रिया नसते. तिच्यासाठी ‘ऑपरेशन’ म्हणतात. अमेरिकेत सर्जरी म्हणजे मात्र शस्त्रक्रियाच.

‘आय वॉज सिक’ याचा तिथे अर्थ मला उलटी झाली. नुसते बरे नव्हते असे सांगायचे तर ‘अनवेल’ किंवा ‘इल’. उलटी होत नसताना सिक म्हणालात तर डॉक्टरांचे प्रश्न पोटाकडे वळतील. इंजेक्शनला स्कॉटलंडमध्ये ‘जॅग’, इंग्लंडमध्ये ‘जॅब’, अमेरिकेत ‘शॉट’. ‘पीली-वॉली’ म्हणजे चेहरा पांढराफटक पडलेला. ‘ऑक्स्टर’ म्हणजे काख; थर्मामीटर तिथे धरायला सांगतील तेव्हा उपयोगी पडेल.

पॅरासिटामॉल आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये एकच. अमेरिकेत त्याला ‘असेटामिनोफेन’ म्हणतात. दम्याचे साल्ब्युटामॉल तिकडे ‘अल्ब्युटेरॉल’ होते. दोन नावांच्या दोन गोळ्या एकत्र घेऊन दुप्पट मात्रा पोटात जाते, म्हणून अमेरिकेतून कुणी औषध आणून दिले तर घटक वाचा. औषधांच्या दुकानाला ‘केमिस्ट’ म्हणतात. स्कॉटलंडमध्ये एप्रिल २०११ पासून चिठ्ठीवरच्या औषधांना शुल्क नाही. जीपी बंद असताना १११, जिवावर बेतले तर ९९९. तातडीचा विभाग ‘ए अँड ई’. अमेरिकन मालिकांतला ‘ईआर’ तोच.

७. रस्त्यावर

‘पेव्हमेंट’ म्हणजे ब्रिटनमध्ये पदपथ. अमेरिकेत गाड्या धावतात तो डांबरी पृष्ठभाग. दोघांपैकी कोण ‘पेव्हमेंटवर राहा’ म्हणतोय हे पाहूनच पाऊल टाका.

मुंबईकरांना सबवे म्हणजे अंधेरीचा किंवा मिलनचा, पावसाळ्यात तुंबणारा भुयारी रस्ता. इंग्लंडमध्येही सबवे म्हणजे पायी जायचे भुयार, आणि रेल्वे ती ‘अंडरग्राउंड’. ग्लासगो इथे अमेरिकेच्या बाजूला: १८९६ पासून धावणारी तिथली भुयारी रेल्वे ‘सबवे’ म्हणवते. एकच गोल मार्ग, १५ स्थानके, एक वर्तुळ ‘इनर’ आणि दुसरे ‘आउटर’. चुकीच्या बाजूने बसलात तरी शेवटी पोहोचताच, फक्त उशिरा. तिकीट ‘सिंगल’ किंवा ‘रिटर्न’ मागा; ‘वन वे’, ‘राउंड ट्रिप’ हे अमेरिकन. लांब पल्ल्याची बस ती ‘कोच’. गाडीची डिकी म्हणजे ‘बूट’, अमेरिकेत ‘ट्रंक’.

८. विद्यापीठ, कचेरी, बँक

‘मॅट्रिक्युलेशन’ पूर्ण करा असे पत्र आले तर दहावीची गुणपत्रिका शोधत बसू नका. स्कॉटिश विद्यापीठांत तो प्रवेशानंतरच्या नावनोंदणीचा विधी आहे. ‘प्रोफेसर’ हे पद फक्त वरिष्ठांचे. बाकीचे ‘डॉक्टर’ किंवा ‘लेक्चरर’, आणि बहुतेकांना पहिल्या नावाने हाक मारतात. ‘फॅकल्टी’ म्हणजे विद्याशाखा. शिक्षकवर्ग तो ‘स्टाफ’. ‘पास्ड आउट’ म्हणालात तर तुम्ही बेशुद्ध पडला होतात असे वाटेल, ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा. शिपायाला इंग्लंडमध्ये ‘केअरटेकर’ म्हणतात, स्कॉटलंडमध्ये अमेरिकेसारखाच ‘जॅनिटर’.

इंग्लंडमध्ये ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे महागडी खासगी शाळा, अमेरिकेत सरकारी. स्कॉटलंडमध्ये जुन्या शाळांच्या दगडी कमानींवर ‘पब्लिक स्कूल’ कोरलेले दिसते, तिथे अर्थ अमेरिकेसारखा. मुलांसाठी शाळा पाहताना सरळ ‘स्टेट स्कूल’ म्हणा.

बैठकीतला सर्वांत महागडा शब्द ‘टेबल’. ब्रिटिश माणूस मुद्दा टेबल करतो म्हणजे चर्चेला घेतो. अमेरिकन टेबल करतो म्हणजे बाजूला ठेवतो. पुण्यात अमेरिकन ग्राहकांसोबत काम केलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. ‘क्वाइट गुड’ ब्रिटिश तोंडी ‘बरे आहे’, अमेरिकन तोंडी ‘फारच छान’. याउलट स्कॉटिश साहेब ‘नो बॅड’ म्हणाला तर खूश व्हा, ती शाबासकी आहे. ‘मेड रिडंडंट’ म्हणजे पद रद्द झाल्याने नोकरी गेली. इमेलमधले आपले ‘प्लीज रिव्हर्ट’ बदलून ‘प्लीज रिप्लाय’ करा; रिव्हर्ट म्हणजे पूर्वीच्या स्थितीला जाणे.

बँकेत ‘करंट अकाउंट’च उघडा. आपल्याकडे ते व्यापाऱ्यांचे आणि पगारदाराचे सेव्हिंग्ज, म्हणून नवखी माणसे तिथेही सेव्हिंग्ज मागतात आणि मग त्यावरून भाडे, बिले भरताना अडतात. अमेरिकेत यालाच ‘चेकिंग’ म्हणतात. सोबत पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा लागतो. विद्यापीठाकडून ‘बँक लेटर’ आधी मागून घ्या. एटीएमला ‘कॅश मशीन’, जुन्या पिढीत ‘कॅशलाइन’. हातात बँक ऑफ स्कॉटलंड, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड किंवा क्लाइड्सडेल बँकेच्या नोटा येतील. खोट्या नाहीत, पण इंग्लंडमधला एखादा दुकानदार कुरकुरतो. प्रवासाला निघताना कार्ड वापरा.

९. तोंडघशी पाडणारे कपडे आणि वस्तू

पँट हा आपला रोजचा शब्द, आणि ब्रिटनमध्ये ‘पँट्स’ म्हणजे आतली चड्डी. ‘तुझी पँट छान आहे’ हे कौतुक करू नका, ‘ट्राउझर्स’ म्हणा. ‘व्हेस्ट’ तिथे बनियन, अमेरिकेत बिनबाह्यांचे जाकीट. ‘सस्पेंडर्स’ ब्रिटनमध्ये स्त्रियांच्या मोज्यांचे अडकवण. पँटचे पट्टे हवेत तर ‘ब्रेसेस’. स्वेटर ‘जंपर’. चपलांना ‘स्लिपर्स’ म्हणालात तर घरात घालायचे मऊ जोडे मिळतील. कमरेच्या पिशवीचे अमेरिकन नाव ब्रिटनमध्ये उच्चारूही नका, ‘फॅनी’ ही तिथे स्त्रीच्या गुप्तांगासाठीची शिवी आहे. ‘बम बॅग’ म्हणा. खोडरबराला ‘रबर’ ब्रिटनमध्ये चालते, अमेरिकनांसमोर ‘इरेझर’. ‘पिस्ड’ ब्रिटिशांचा दारू प्यायलेला, अमेरिकनांचा चिडलेला.

लग्नाच्या जाहिरातीतला ‘होमली’ ब्रिटनमध्ये घराला लावतात, अर्थ ऊबदार. अमेरिकेत तो माणसाला लावतात आणि अर्थ दिसायला बेताचा. कुणाच्याही बायकोबद्दल वापरू नका.

१०. बोलणे ऐकताना

पहिली सोपी गोष्ट: ‘व्हेअर डू यू स्टे?’ म्हणजे कुठे राहता. इंग्लंडमध्ये ‘लिव्ह’ म्हणतात, स्कॉटलंडमध्ये आपल्यासारखेच ‘स्टे’.

‘डाउट’ मात्र उलटा फिरतो. आपण ‘आय हॅव अ डाउट’ म्हणून शंका विचारतो. तिथे ‘क्वेश्चन’ म्हणा. स्कॉटिश माणूस ‘आय डाउट इट्स गोइंग टू रेन’ म्हणाला तर पाऊस येणार असे त्याला वाटते आहे, छत्री घ्या. ‘माइंड’ म्हणजे आठवणे. ‘हाउ?’ म्हणजे कित्येकदा ‘का?’. ‘विल आय पुट द केटल ऑन?’ हा चहा ठेवू का असा प्रश्न, भविष्य नव्हे. ‘द कार नीड्स वॉश्ड’ हे व्याकरण चुकलेले नाही. स्थलांतरितांबरोबर ते अमेरिकेत पिट्सबर्गच्या आसपासही पोहोचले आहे. ‘केन’ म्हणजे माहीत असणे, ‘वी’ म्हणजे छोटे. लेकरू पूर्वेकडे ‘बेअर्न’, ग्लासगोकडे ‘वेन’. ‘ड्रीख’ म्हणजे दिवसभर चिकटून बसणारी ओलसर, करडी हवा. ‘आय, राइट’ हे दोन होकार मिळून नकार होतो, आपल्या ‘हो, हो, झालंच म्हणून समज’सारखा. बसचालकाने स्त्रीला ‘हेन’ म्हटले तर ते ‘ताई’च्या जवळचे आहे, रागावू नका.

तिथले र चांगले थरथरतात, त्यामुळे आपला मराठी र लपवायची गरज नाही. ‘लॉख’मधला ख घशातून घासून काढा.

गावांची नावे मात्र अक्षरांवरून वाचू नका. एडिनबराच्या शेवटी ‘बर्ग’ नाही. कर्कॉडीमध्ये लिहिलेला ल गप्प असतो. एडिनबरातला कोबर्न रस्ता पाटीवर ‘कॉकबर्न’ असा दिसतो, तसाच उच्चारलात तर लोक हसतील. ‘मिंगिस’ आणि ‘डीएल’ या आडनावांत कागदावर झेड दिसतो, कारण जुन्या स्कॉट्समधल्या ‘योख’ नावाच्या अक्षराचा खिळा छापखान्यांकडे नव्हता आणि त्याजागी झेड बसवला गेला. ग्लासगोच्या वायव्येला लोकलचे एक शेवटचे स्थानक आहे, वेस्ट हायलंड वे ही ९६ मैलांची पायवाट तिथून सुरू होते. पाटीवर ‘मिल्नगावी’ वाचता येते, म्हणतात ‘मलगाय’. सायन आणि शीव एकच हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे नवल वाटू नये. तिकीट मागताना मात्र मलगायच म्हणा.